मत्स्यजिऱ्याचा पहिला घास

गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांत शेततळीं पुष्कळ झालीं. २०१६ सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून तर तीं गांवोगांव दिसूं लागलीं. विहीर आटली तरी बाग वांचावी म्हणून खोदलेल्या या तळ्यांत मासे पाळून चार पैसे अधिक मिळवावे, असें पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत आलें व कित्येकांनीं तें अंमलांतहि आणलें. परंतु आमच्याकडे येणाऱ्या सभासदांच्या बोलण्यांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. जिरें सोडलें, दोनतीन दिवस काठाला हालतांना दिसलें, आणि मग एकाएकीं नाहींसें झालें. पाणी नासलें नव्हतें, मेलेलें पिलूं वर आलें नाहीं. मग लाखांनीं सोडलेला हा जीव गेला कोठें?

हा अनुभव आम्हांसहि नवा नाहीं. पहिल्या वर्षीं दहा गुंठ्यांच्या तळ्यांत आम्हीं रोहूचें तीन लाख जिरें सोडलें. पाणी इतकें नितळ होतें कीं तळ दिसे, व तें पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें. भुईमुगाची पेंड वस्त्रगाळ करून नेमानें दिली. पंधराव्या दिवशीं जाळें ओढलें, तेव्हां हातीं आलेलीं पिलें एका घमेल्यांत मावलीं. दोष आम्हीं बियाण्यास दिला. पुढें या विषयाचा अभ्यास केल्यावर कळलें कीं दोष बियाण्याचा नव्हता, आमचाच होता. ज्या पाण्याचें आम्हांस समाधान वाटलें तेंच त्या पिलांचें मरण होतें.

माशाच्या पिलाच्या पोटांत पहिल्या पंधरावीस दिवसांत काय घडतें, त्याचे पाचक रस केव्हां व कसे तयार होतात, आणि अंड्यांतून आलेला स्निग्धांश तें कसा खर्चतें, हें समजल्यावांचून या तक्रारीचें उत्तर मिळत नाहीं. विषय रसायनशास्त्राचा असला तरी त्याचा संबंध थेट आपल्या तळ्याशीं आहे. म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरून तो समजून घ्यावा, अशी विनंती आहे.

शिदोरी तीन दिवसांची

कटला, रोहू व मृगळ हे आपल्याकडे पाळले जाणारे मुख्य मासे. हे मूळचे वाहत्या नदीचे. पावसाळ्यांतील पुराच्या पाण्यांत ते अंडीं घालतात. सांचलेल्या तळ्यांत आपण होऊन घालीत नाहींत. त्यामुळें पूर्वीं यांचें बीज नद्यांच्या पुरांतून गोळा करावें लागे व त्यांत नको त्या जातींची भेसळ फार असे. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींस बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लावलें, तेव्हांपासून शुद्ध बीज हुकमी मिळूं लागलें. हाच दिवस आतां देशांत मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

अंडें फळलें म्हणजे पाणी शोषून फुगतें व सुमारें ५ मिलिमीटर व्यासाचें होतें. पाण्याचें उष्णमान २७ ते ३० अंश सेल्सियस असल्यास १५ ते १८ तासांत पिलूं बाहेर पडतें. कोंबडीचें पिलूं एकवीस दिवस कवचांत राहून पुरें घडून बाहेर येतें व त्याच दिवशीं दाणा टिपूं लागतें. माशाच्या पिलाची गोष्ट अगदीं निराळी. तें बाहेर येतें तेव्हां त्यास उघडें तोंड नसतें, आंतडें म्हणजे एक सरळ, मिटलेली नळी असते, आणि पोटाखालीं पिवळ्या बलकाची एक पिशवी लोंबत असते. ही पिशवी हीच आईनें बांधून दिलेली शिदोरी. ती तीन दिवस पुरते. चवथ्या दिवसापासून पिलास आपलें पोट आपण भरावें लागतें.

बाजारांत ज्यास आपण मत्स्यजिरें म्हणतों तें याच वेळचें, म्हणजे शिदोरी संपत आलेलें, सुमारें तीन दिवसांचें पिलूं होय. एक घनसेंटिमीटरच्या मापांत अशीं सुमारें पांचशें मावतात, आणि एका लाखाचें वजन केवळ १४० ग्रॅमच्या आसपास भरतें. विक्रेता मापानें जिरें मोजून पिशवींत घालतो, शेतकरी तें तळ्यावर आणतो. आणि नेमक्या याच प्रवासांत पिलाच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी घडामोड चाललेली असते. आईचें अन्न संपत असतें व स्वतःच्या कमाईचें अजून सुरू व्हावयाचें असतें.

पाचक विकर म्हणजे काय

ज्वारीस किंवा नाचणीस मोड आणले म्हणजे ती गोड लागते, हें घरोघर ठाऊक आहे. दाण्यांत मोड येतांना एक पदार्थ तयार होतो, तो पिष्टाचे तुकडे पाडून त्याची साखर करतो. अशा पदार्थांस विकर म्हणतात. विकर हें स्वतः एक प्रथिन असून, आपण न खर्चतां दुसऱ्या पदार्थाचें विघटन घडवून आणणें हें त्याचें काम. प्राण्याच्या पोटांत पचन होतें तें अशा विकरांमुळेंच. प्रथिनें फोडणारें ट्रिप्सिन, पिष्ट फोडणारें अमायलेज व स्निग्ध पदार्थ फोडणारें लायपेज हे यांतील तीन प्रमुख. तिन्ही स्वादुपिंडांत तयार होतात. विकर नसेल तर पोटांत गेलेला घास हा नळींतून वाहून जाणारा केर होय.

बलकांतील अन्न पचविण्यास आंतड्याची गरज नसते. बलकाभोंवतीं पेशींचा एक पातळ थर असतो. त्यांतील विकर बलक विरघळवितात व तें द्रव्य रक्तांतून सर्व शरीरास मिळतें. इकडे हें चाललें असतां तिकडे यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड हीं घडत असतात. तोंड उघडण्याच्या सुमारास स्वादुपिंडांत ट्रिप्सिन, अमायलेज व लायपेज यांची निर्मिति सुरू झालेली असते. म्हणजे पहिला घास पोटांत पडण्यापूर्वींच निसर्गानें चूल पेटवून ठेवलेली असते. परंतु ही चूल अगदीं मंद असते. पुढें दिवसागणिक या विकरांचें बळ वाढत जातें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रोहू, कटला, मृगळ व सायप्रिनस या सर्व कार्प जातींस जठर नसतेंच. मोठ्या वयांतहि त्यांचा घशापुढचा भाग सरळ आंतड्यांत जातो. जठर नाहीं म्हणून आम्ल नाहीं, व आम्लांत काम करणारें पेप्सिन हें विकरहि नाहीं. आपल्या पोटांत प्रथिनांवर पहिला हल्ला पेप्सिन करतें; रोहूच्या पोटांत सारा भार ट्रिप्सिन व त्याच्या जोडीचें कायमोट्रिप्सिन यांवर पडतो. म्हणून ट्रिप्सिनला अडथळा करणारा कोणताहि पदार्थ या पिलांस फार महाग पडतो. त्याचा विचार पुढें येईल.

पहिल्या दिवसांत पचनाची रीतहि निराळी असते. आंतड्याच्या मागच्या भागांतील पेशी प्रथिनांचे अख्खे कण गिळून घेतात व पेशीच्या आंत त्यांचें विघटन करतात. नुकत्याच जन्मलेल्या वासराचें आंतडें चिकांतील प्रथिनें अशींच अख्खीं शोषून घेतें. पुढें पिलाच्या आंतड्याच्या आंतल्या पृष्ठभागावर सूक्ष्म केसाळ झालर दाट होते व तिच्यावरील विकर काम करूं लागतात. पेशीच्या पोटांतील विकरांचें काम त्या मानानें कमी होतें. हा पालट म्हणजे आंतडें वयांत आल्याची खूण. उपासमार झालेल्या किंवा न मानवणाऱ्या अन्नावर ठेवलेल्या पिलांत हा पालट लांबतो, असें अनेक जातींच्या माशांवरील संशोधनांत दिसून आलें आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यांत आबाळ झाली कीं पुढें कितीहि चांगलें खाद्य दिलें तरी तें अंगीं लागण्यास वेळ लागतो.

वासराचीच उपमा पुढें न्यावयाची तर, एका दिवसाच्या वासरापुढें कडबा टाकणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. त्याचें मोठें पोट अजून तयार झालेलें नाहीं, हें पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें आपणांस ठाऊक आहे. परंतु तीन दिवसांच्या जिऱ्यापुढें नुसती पेंड व कोंडा टाकून आपण स्वस्थ बसतों. हा कडबाच नव्हे काय?

स्निग्धांशाचा हिशेब

आतां शिदोरींतील दुसऱ्या द्रव्याकडे वळूं. माशाच्या बलकांत प्रथिनांखालोखाल महत्त्वाचा तो स्निग्धांश. स्निग्ध पदार्थ मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असतात. मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या अणूंची एक लांब सांखळी. या सांखळींत कोठें कोठें दुहेरी बंध असतात, व त्यांच्या संख्येवर त्या स्निग्धाचा स्वभाव अवलंबून असतो. थंडींत तूप थिजतें पण करडईचें तेल थिजत नाहीं. भुईमुगाचें तेल हवेंत सुकत नाहीं पण जवसाचें तेल लांकडावर लाविलें असतां सुकून त्याचा पापुद्रा होतो. हा सारा दुहेरी बंधांचा खेळ आहे. तुपांत ते थोडे, करडईंत अधिक, जवसांत त्याहून अधिक.

माशांच्या अंड्यांत याहूनहि लांब व अधिक बंधांचीं मेदाम्लें असतात. डोकोसाहेक्झेनोइक या लांबलचक नांवाचें मेदाम्ल बावीस कर्बांचें व सहा दुहेरी बंधांचें असून त्यास सोईसाठीं डीएचए म्हणतात. वीस कर्बांचें व पांच बंधांचें तें ईपीए. दोन्ही ओमेगा-३ या वर्गांतील. डीएचए हें मेंदूच्या व डोळ्याच्या बांधणींत फार लागतें. पिलाचें शरीर जिऱ्याएवढें असलें तरी त्यांत डोळे केवढे मोठे असतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास याचें महत्त्व सांगावयास नको. भक्ष्य दिसलें तरच पिलूं तें पकडणार; आणि डोळा व मेंदू अपुरा राहिला तर भोंवतीं अन्न असूनहि तें उपाशी राहणार.

पिलूं शिदोरी खर्चतें तें सरसकट नव्हे. अनेक जातींच्या माशांत असें आढळलें आहे कीं जळणासाठीं पिलूं प्रथिनांचे मोकळे घटक व कमी बंधांचीं मेदाम्लें आधीं वापरतें, आणि डीएचए होतां होईल तों राखून ठेवतें. उपाशी ठेवलेलें पिलूंसुद्धां बाकीचा स्निग्धांश जाळतें व डीएचए जपतें. दुष्काळांत शहाणा कुणबी घरांतलें सारें विकून खातो पण बियाण्याच्या कणगीस हात लावीत नाहीं. तसाच हा प्रकार.

ही कणगी भरून ठेवणारी मात्र आई. मादीच्या खाद्यांत जें नाहीं तें अंड्यांत येत नाहीं, अथवा अपुरें येतें. म्हणून बीजोत्पादन केंद्रावर प्रजननासाठीं ठेवलेल्या माशांस काय खावयास घालतात, हें विचारण्याचा हक्क बी घेणाऱ्यास आहे. आपण बैलजोडी घेतांना दांत पाहतों. जिरें घेतांना नुसतें माप पाहून चालणार नाहीं.

गोड्या पाण्यांतील माशांस एक मोठी देणगी आहे. जवसांत असणारें अठरा कर्बांचें लिनोलेनिक व करडईंत असणारें लिनोलेइक हीं साधीं मेदाम्लें मिळालीं तर त्यांची सांखळी वाढवून व बंध घालून तीं स्वतःच्या शरीरांत ईपीए, डीएचए व तत्सम द्रव्यें तयार करूं शकतात. समुद्रांतल्या बहुतेक माशांस ही कला फारशी साधत नाहीं. त्यांस तीं तयारच मिळावीं लागतात. सायप्रिनस माशावरील प्रयोगांत त्याच्या खाद्यांत लिनोलेइक व लिनोलेनिक हीं प्रत्येकीं सुमारें एक टक्का असावीं, असें आढळून आलें आहे. पण पिलाची वाढ इतकी झपाट्याची असते कीं घरची निर्मिति मागणीस पुरी पडेल असा भरंवसा नसतो. शिवाय कार्पच्या पिलांस पहिल्या दिवसांत फॉस्फोलिपिड नांवाचा स्निग्धांशहि खाद्यांतून तयार मिळावा लागतो. तो स्वतः पुरेसा करण्याचें बळ त्यांस नंतर येतें.

आतां आपल्या नेहमींच्या खाद्याकडे पाहूं. भुईमुगाच्या तेलांत लिनोलेइक पुरेसें असतें, पण लिनोलेनिक जवळजवळ नसतेंच. म्हणजे ओमेगा-३ ची बाजू मोकळीच राहते. नितळ पाणी व भुईमुगाची पेंड या आमच्या पहिल्या वर्षाच्या बेतांत काय उणें होतें, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

पहिला घास कोणता

हें उणें भरून काढणारें अन्न निसर्गानें पाण्यांतच ठेवलें आहे. तळ्याच्या पाण्यास जो हिरवटपणा येतो तो सूक्ष्म वनस्पतींचा. या वनस्पतींत ओमेगा-३ मेदाम्लें तयार होतात. त्यांवर रोटिफर, मोइना, डाफ्निया असे सूक्ष्म प्राणी जगतात; मोइना व डाफ्निया यांस पाण्यांतील पिसवा म्हणण्याचा प्रघात आहे. रोहू, कटला व मृगळ मोठेपणीं निरनिराळें खाणारे असले तरी लहानपणीं तिघांचाहि आहार हाच असतो. पिलाचें तोंड इतकें लहान असतें कीं पहिल्या दिवशीं त्यांत रोटिफरसारखेच बारीक जीव मावतात, मोइना नंतर.

हा सजीव घास पिलास का मानवतो? तो हालतो म्हणून डोळ्यांस दिसतो. त्यांत पाण्याचा अंश फार म्हणून तो मऊ असतो. त्यांतील प्रथिनांचा बराच भाग आधींच सुटा असतो, म्हणून मंद चुलीवरहि तो शिजतो. आणि त्याच्या अंगांत फॉस्फोलिपिड व ओमेगा-३ मेदाम्लें तयार असतात. एके काळीं असा समज होता कीं या सूक्ष्म जीवांच्या पोटांतील विकरच पिलाच्या पोटांत जाऊन पचनास मदत करतात. पुढील तपासण्यांत हा वांटा अल्प आढळला. पिलाचे स्वतःचे विकरच बहुतेक काम करतात. पण त्यांस झेपेल असें काम द्यावयाचें तर तें हेंच.

वेळेचें महत्त्व याहून अधिक आहे. नॉर्वेचे योहान योर्ट यांनीं १९१४ सालीं असा सिद्धांत मांडला कीं समुद्रांतील कॉड व हेरिंग यांचीं चांगलीं-वाईट वर्षें अंडीं किती घातलीं यावर ठरत नाहींत. बलक संपतांच पिलांस अन्न मिळालें कीं नाहीं यावर ठरतात. पुढें १९६३ सालीं ब्लॅक्स्टर व हेंपेल यांनीं हेरिंगच्या पिलांवर प्रयोग करून दाखविलें कीं उपासाची एक मर्यादा असते. ती ओलांडली म्हणजे पिलूं जिवंत दिसत असलें तरी पुढें अन्न दिलें असतां तें खाण्याचें बळ त्यास उरत नाहीं. उष्ण पाण्यांत शिदोरी लवकर सरते, म्हणून आपल्याकडे ही मर्यादा फार जवळ असते. “दोनतीन दिवस दिसलें व मग नाहींसें झालें” या तक्रारीचें हेंच उत्तर. जें दिसत होतें तें शेवटच्या शिदोरीवर चाललें होतें. मेलेलें जिरें इतकें सूक्ष्म कीं तें तरंगत नाहीं, कुजतांना दिसत नाहीं, पाण्यांत मिसळून जातें.

तळ्याची तयारी

आतां व्यवहाराचें सांगतों. खालील प्रमाणें दहा गुंठ्यांच्या, सुमारें एक मीटर पाण्याच्या मातीच्या संगोपन तळ्यासाठीं आहेत.

प्रथम तळें आटवून कोरडें करावें. तें शक्य नसल्यास जिरें सोडण्यापूर्वीं दोनतीन आठवडे मोहाची पेंड २५० किलो टाकावी. तिच्यांतील सॅपोनिननें मरळ, शिंगाडा वगैरे पिलें खाणारे मासे मरतात व पुढें तिचेंच खत होतें. त्यानंतर २० ते २५ किलो चुना द्यावा. जिरें येण्यापूर्वीं दोनतीन दिवस भुईमुगाची पेंड, शेण व सुपर फॉस्फेट भिजवून, दाट काला करून पाण्यांत पसरावा. सर्व मिळून पेंड ७५ किलो, शेण २० किलो व सुपर फॉस्फेट ५ किलो लागतें. त्यांतील निम्में आधीं द्यावें व उरलेलें पाण्याचा रंग पाहून पुढें थोडें थोडें द्यावें.

अन्न तयार झालें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून जिरें आणूं नये. निरनिराळ्या ठिकाणचें ५० लिटर पाणी अगदीं बारीक विणीच्या जाळीदार कापडांतून गाळावें व तळाशीं राहिलेला सांका कांचेच्या नळींत निवूं द्यावा. तो एक ते दोन घनसेंटिमीटर भरला व त्यांत हालणारे जीव दिसले म्हणजे ताट वाढलें आहे असें समजावें. मात्र वाढून फार दिवस ठेवूंहि नये. खत पडल्यावर आधीं बारीक रोटिफर येतात, मागून मोइना, व त्यामागून सायक्लॉपसारखे मोठे जीव; हे शेवटचे जिऱ्यालाच इजा करतात. म्हणून खत देण्याचा दिवस हा जिरें येण्याच्या दिवसावरून मागें मोजून ठरवावा.

पाणकिड्यांचा बंदोबस्त आदल्या दिवशीं, वारा पडलेला पाहून करावा. ५.६ किलो स्वस्त वनस्पति-तेल व १.८ किलो साबण यांचें मिश्रण पाण्यावर पसरलें म्हणजे श्वासासाठीं वर येणारे किडे गुदमरून मरतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अथवा सायंकाळीं ऊन नसतां जिरें सोडावें. पिशवी आधीं पंधरावीस मिनिटें तळ्यांत तरंगत ठेवावी, मग तळ्याचें पाणी थोडें थोडें आंत घेऊन पिलें आपण होऊन बाहेर जाऊं द्यावीं. दहा गुंठ्यांस तीन ते पांच लाखांपेक्षां अधिक जिरें घालूं नये.

वरचें खाद्य द्यावें कीं नाहीं? अवश्य द्यावें. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग, वस्त्रगाळ करून, एक लाखास रोज ६०० ग्रॅम पहिले पांच दिवस व पुढें १२०० ग्रॅम, दोन वेळां विभागून देण्याची रीत आहे. पण वाचकांनीं हिशेब करून पाहावा: एक लाख जिऱ्याचें वजन १४० ग्रॅम, आणि खाद्य ६०० ग्रॅम! पिलूं आपल्या वजनाच्या चौपट खात नाहीं. या खाद्याचा मोठा भाग पाण्यांतील सूक्ष्म जीवांच्या पोटीं जातो व ते जीव पिलांच्या पोटीं जातात. म्हणजे पहिल्या आठवड्यांत आपण पिलांस कमी व पाण्यास अधिक चारीत असतों. हें समजलें म्हणजे नितळ पाण्यांत तीच पेंड टाकून कांहीं साधत नाहीं हें उघड होतें.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी

विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीन घरचें असल्यामुळें त्याचें कच्चें पीठ देण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्यें ट्रिप्सिनला बांधून टाकणारें द्रव्य असतें. ज्या पिलाचें सारें प्रथिन-पचन ट्रिप्सिनवर, व तेंहि अजून अल्प, त्यास हें पीठ म्हणजे पेटत्या चुलींत पाणी. सोयाबीन चांगलें शिजवून अथवा भाजून घेतल्यास हा दोष बहुतांशीं जातो.

भाताचा कोंडा गिरणींतून ताजा आणावा. त्यांतील विकरामुळें त्याचा स्निग्धांश थोड्याच दिवसांत खवट होतो. खवट कोंड्यानें लाभाऐवजीं अपाय होतो. भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी दिसली तर ती पिलांस घालूं नये. तिच्यांत यकृत बिघडविणारें अफ्लाटॉक्सिन हें विष असतें. पिलूं मोठें झाल्यावर, म्हणजे पंधरावीस दिवसांनीं, घरची जवसाची पेंड थोडी मिसळल्यास ओमेगा-३ ची बाजू भरून निघण्यास मदत होते.

प्लास्टिकचें अस्तर घातलेल्या शेततळ्याच्या धन्यांस वेगळें सांगणें आहे. तेथें पाण्याचा मातीशीं संबंध नसतो, म्हणून हिरवटपणा येण्यास वेळ लागतो. तळेंहि खोल असतें. तेथें शेण-पेंडीची निवळी घालून व जुन्या तळ्याचें हिरवें पाणी मासे व किडे येणार नाहींत असें गाळून विरजणासारखें मिसळून सुरुवात करावी. तरीहि जिरें वाढविण्यास अशीं तळीं फारशीं सोईचीं नाहींत. ज्यांच्याजवळ लहान संगोपन तळें नाहीं त्यांनीं जिरें स्वस्त म्हणून घेऊं नये. बोटाएवढीं झालेलीं पिलें, म्हणजे बोटुकली, घ्यावी. तिचें आंतडें तयार झालेलें असतें. दर अधिक पडला तरी तो वाया जात नाहीं.

वाढत्या पोटाची कथा

पंधरा दिवसांत पिलूं २० ते २५ मिलिमीटर होतें. तोंपर्यंत सरळ नळीसारखें असलेलें आंतडें लांबूं लागलेलें असतें. रोहूच्या आंतड्याची लांबी पुढें शरीराच्या कित्येक पट होते व त्याचा आहार सूक्ष्म प्राण्यांवरून वनस्पतींकडे वळतो. आतां पेंड-कोंडा त्यास खऱ्या अर्थानें पचतो. चांगल्या व्यवस्थेंत शंभरांतील तीस ते पन्नास पिलें या टप्प्यास पोंचतात.

ज्यांस जठर असतें त्यांची गोष्ट याहून बिकट. रायगड जिल्ह्यांतील तळ्यांतून जिताडा पाळण्याची रीत जुनी आहे. जिताड्यास मोठेपणीं जठर व पेप्सिन दोन्ही असतात, पण पिलूं जन्मतें तें जठरावांचूनच. तें घडेपर्यंत त्यास केवळ आंतड्यावर भागवावें लागतें. शिवाय तो खाऱ्या पाण्यांत जन्मणारा, म्हणून डीएचए त्यास तयार मिळावें लागतें. १९९७ सालीं चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनें त्याचें बंदिस्त प्रजनन साधलें. अशा पिलांस आधीं रोटिफर व मग आर्टेमिया हे सजीव घास देतात, आणि ते देण्यापूर्वीं त्या जीवांसच माशाचें तेल वगैरे खाऊं घालून डीएचएनें भरून घेतात. म्हणजे पिलाच्या घासालाच आधीं घास भरवावयाचा. रोहूच्या तळ्यांत हेंच काम हिरवें पाणी फुकट करतें.

पेरणीपूर्वीं वाफसा पाहिल्यावांचून आपण तिफण धरीत नाहीं. जिऱ्याची पेरणीहि तशीच आहे. तिचा वाफसा म्हणजे पाण्याचा हिरवटपणा व नळीच्या तळाशीं हालणारा तो बोटभर सांका. आमच्या पहिल्या वर्षाच्या नुकसानीनें आम्हांस एवढेंच शिकविलें. आमच्या सभासद बंधूंनीं यंदा जिऱ्याची मागणी नोंदविण्यापूर्वीं पन्नास लिटर पाणी गाळून पाहावें, आणि नळी रिकामी दिसली तर गाडी परत फिरवावी, अशी आमची त्यांस कळकळीची विनंती आहे.